घागर तिथेच ठेवून

शास्त्रभाग : योहान ४:५–४२



शब्बाथ शाळेत दानीएलाचा पहिला अध्याय शिकवताना आपण बहुधा शाकभाजी आणि पाणी यांपाशी थांबतो. मुलांना तो भाग आवडतो, शिक्षकांनाही सोपा जातो. पण त्याच अध्यायात आणखी एक गोष्ट लिहिलेली आहे. यहूदातील त्या चार तरुणांना बाबेलात खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकविण्यात आली, आणि त्या शिक्षणाची मुदत तीन वर्षांची होती. आजच्या भाषेत बोलायचे तर तो परदेशातला पदवीचा अभ्यासक्रमच झाला. फरक इतकाच, की ते स्वखुशीने गेले नव्हते, धरून नेलेले होते.

मोशेचेही तसेच. मिसऱ्यांच्या सर्व विद्येचे शिक्षण त्याला मिळाले होते, असे स्तेफन प्रेषितांच्या कृत्यांच्या सातव्या अध्यायात सांगतो. निर्गमाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र त्या विद्येचा उल्लेखसुद्धा नाही. तिथे एवढेच आहे, की तो मोठा झाल्यावर आपल्या भाऊबंदांकडे गेला आणि त्याने त्यांचे कष्ट पाहिले. परकी विद्या आणि घरचे कष्ट यांची गाठ कुठे पडते, हे आज आपण पाहू.

हा विषय मनात येण्याचे कारण आमच्या अवतीभोवतीच आहे. आम्ही काचीगुड्यात राहतो. १९१६ साली बांधलेल्या इथल्या घुमटांच्या स्टेशनावर मराठवाड्यातील कितीतरी घरे नोकरीधंद्यासाठी उतरली, आणि चौरस्त्याच्या, बरकतपुऱ्याच्या, सुलतान बाजाराच्या आसपास राहिली. त्या घरांतील नातवंडे आता याहून लांबच्या प्रवासाला निघाली आहेत. इथून नारायणगुड्याकडे व हिमायतनगराकडे चालत गेले तर परदेशी शिक्षणाच्या क्लासेसच्या पाट्या मोजता मोजता माणूस थकतो. अमेरिकेचे कॉन्सुलेट हैदराबादेत २००८ साली सुरू झाले. २०२३–२४ या वर्षात अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या ३,३१,६०२ होती, आणि त्यांत तेलंगणा व आंध्र या भागांतील मुलामुलींचा वाटा मोठा आहे.

मंडळीतील प्रार्थनेच्या विनंत्यांतही हे दिसते. पूर्वी आजारपण, लग्न आणि नोकरी या तीन विनंत्या असत. आता चौथी व्हिसाची. कोणी घर गहाण टाकून कर्ज काढलेले असते, कोणाच्या आईने सोने मोडलेले असते, तेव्हा या विनंतीला हसू नये. आईबापांच्या पोटात खड्डा पडलेला असतो. पण व्हिसा मिळाला, विमानतळावर फोटो निघाले, उपासनेत उपकारस्तुती झाली, की मंडळीचे त्या मुलाशी असलेले काम संपल्यासारखे होते. तो तिथे काय शिकतो, हे विचारताना आपल्या मनात फक्त पदवीचे नाव असते.

पंडिता रमाबाईंचे नाव आपल्या मंडळ्यांत इतक्या वेळा घेतले जाते, की ते ऐकताना कान सावध राहत नाहीत. केडगावचे मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, पवित्र शास्त्राचे भाषांतर, एवढे सर्वांना पाठ असते. पण त्या आधी परदेशी शिकायला गेलेल्या एक विद्यार्थिनी होत्या. १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या मुंबईहून जहाजात बसल्या, तेव्हा त्यांचे वय पंचवीस वर्षांचे होते. आईवडील व बहीण दुष्काळात गेलेली, भाऊ गेलेला, नवरा पटकीने गेलेला, आणि कडेवर दोन वर्षांची मनोरमा. प्रवासाचा खर्च भागविण्यासाठी त्यांनी आपले ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक विकले होते. वैद्यकी शिकून परत यावे, हा त्यांचा बेत. तो बेत फसला, कारण त्यांना कमी ऐकू येत असे. आजच्या आईबापांना हे वाचून धस्स होईल: पैसे खर्चून, समुद्र ओलांडून गेले, आणि ज्यासाठी गेले तेच जमले नाही!

सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तर त्याच वर्षी इंग्लंडात स्वतःचा जीव घेतला. हे दुःख आपल्या साक्षींच्या सभांत क्वचितच सांगितले जाते. परक्या देशातील एकटेपणा माणसाला कुठवर नेतो हे आईबापांनी आणि पाळकांनी जाणून असावे, म्हणून ते इथे लिहिले. मुलगा फोनवर “सगळे ठीक आहे” म्हणाला, तर तेवढ्यावर समाधान मानू नये.

रमाबाई वाँटेज येथे सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात राहत होत्या. तिथल्या मुख्य भगिनींनी त्यांना एकदा हवापालट म्हणून लंडनमधील आपल्या एका शाखेत पाठविले. तिथे या भगिनी ‘पतित’ म्हणून समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आश्रय देत असत. रमाबाईंनी त्या स्त्रिया पाहिल्या. त्यांतील काहींचे आयुष्य इतके पालटले होते, की त्या स्वतःच आजारी व अपंग माणसांच्या सेवेला लागल्या होत्या. रमाबाईंना संस्कृत धर्मग्रंथ मुखोद्गत होते. अशा स्त्रीसाठी त्या ग्रंथांत कोणती शिक्षा सांगितली आहे, हे त्यांना ठाऊक होते. तिला जवळ घेण्याची, तिला उभे करण्याची रीत मात्र त्यांनी कुठे पाहिली नव्हती.

इथे रमाबाईंनी जे केले त्याकडे लक्ष द्यावे. ‘किती चांगली संस्था!’ असे म्हणून त्या परतल्या नाहीत. आपल्याला शिकविणाऱ्या भगिनीला त्यांनी विचारले, की तुम्ही ख्रिस्ती लोक या बायकांची काळजी घेता, त्यामागे काय आहे? उत्तरादाखल त्या भगिनीने त्यांना योहानाचा चौथा अध्याय वाचून दाखविला. पुढे रमाबाईंनी आपल्या साक्षीत लिहून ठेवले आहे, की तो अध्याय वाचल्यावर ख्रिस्त हाच तारणारा आहे याची त्यांना खात्री पटली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आता त्या अध्यायाकडे वळू. दुपारची वेळ आहे, सुखार गावाबाहेर याकोबाची विहीर आहे. प्रभू दमून बसला आहे आणि त्याच्यापाशी पाणी काढायला काही नाही. एक शोमरोनी स्त्री येते, तिच्यापाशी तो पाणी मागतो. ती चकित होते, कारण यहूदी आणि शोमरोनी यांचा व्यवहार नव्हता. काही अभ्यासक नवव्या वचनातील त्या शब्दाचा अर्थ ‘एकमेकांची भांडी वापरत नसत’ असा करतात. आमच्या मराठी कानांना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही! पाणी काढायला दुसरे भांडे नव्हते, तेव्हा प्रभू तिच्याच भांड्यातून पिणार होता. आत्म्याने व खरेपणाने करावयाच्या भक्तीचे ते थोर बोलणे या भांड्याच्या गोष्टीनंतर येते. आपण प्रवचनात बरेचदा आधीचे सोडून थेट नंतरच्यावर उडी मारतो.

शेवटी ती स्त्री घागर तिथेच ठेवते आणि गावात जाते. ज्या लोकांची नजर चुकवून ती भर दुपारी पाण्याला येत असावी, त्याच लोकांकडे ती जाते. ते ऐकतात, बाहेर येतात, प्रभूला दोन दिवस ठेवून घेतात.

रमाबाईंनाही परत गावात जायचे होते, पण मधे पाच वर्षे गेली. त्या पाच वर्षांचा अभ्यास आपल्या मुलांनी जरूर पाहावा. १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत होत्या व संस्कृत शिकवीत होत्या. बाप्तिस्मा घेतला म्हणून त्यांनी आपली बुद्धी इंग्रजांच्या स्वाधीन केली नाही. जेवण शाकाहारीच ठेवले. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असे विचारून त्यांनी भगिनींना अडचणीत टाकले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असे हिंदुस्थानातील बिशपांचे मत पडले, तेव्हा आपल्या देशात आपण पुरुषांच्या सभांत व्याख्याने दिली आहेत, याची त्यांनी स्पष्ट आठवण करून दिली. काही भक्तमंडळींना रमाबाईंची ही बाजू अवघड वाटते. आम्हांला तीत त्यांचा विश्वास अधिक जिवंत दिसतो.

१८८६ च्या मार्चमध्ये त्या अमेरिकेला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या. (वर्ष पुरे होण्याच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, त्या पुण्यात वारल्या.) रमाबाई थोड्या दिवसांसाठी आल्या होत्या, त्या १८८८ च्या अखेरीपर्यंत राहिल्या. बालोद्यान शिक्षणाची पद्धत शिकल्या, गावोगाव व्याख्याने दिली, आणि परत आल्यावर १८८९ मध्ये मराठीत ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक छापले. नावातला ‘लोकस्थिती’ हा शब्द पाहावा. पुस्तकात तिथली राज्यव्यवस्था आहे, शाळा आहेत, धर्मादाय कामे आहेत, स्त्रियांची स्थिती आहे. त्या देशाचे कौतुक आहे आणि तिथल्या मूळ रहिवाशांवर व काळ्या लोकांवर झालेला अन्यायही आहे. अमेरिका पाहून आलेल्यांपैकी पुष्कळांना यांतली एकच बाजू सांगता येते.

या अभ्यासात एक अगदी व्यवहाराची गोष्ट होती. समाज बदलण्यासाठी चांगले मन लागते हे सर्वांना माहीत असते, पण त्याला हिशेबाची वहीदेखील लागते, हे रमाबाईंनी अमेरिकन स्त्रियांपासून उचलले. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. गावोगाव छोटी मंडळे निघाली. सभासदाने दरवर्षी एक डॉलर द्यावा, दहा वर्षे द्यावा, असा त्यांचा नियम. एका श्रीमंताच्या देणगीऐवजी पुष्कळांचा लहान, नेमाने येणारा वाटा. त्यावर समिती, आणि दरवर्षी अहवाल. आपल्या मंडळीतील महिला संघाच्या बहिणींना यात नवे काहीच वाटणार नाही, कारण त्या तेच करतात.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच वर्षी, सदन पुण्यात असताना, मुलींना ख्रिस्ती केले जाते या आरोपावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर यांनी राजीनामे दिले, पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. परदेशात शिकलेले गावात आणले म्हणजे गाव टाळ्या वाजवील, असे कोणी समजू नये. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला आल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. तिथे छापखाना, विणकाम, शेती असे उद्योग निघाले. त्या आवारातच टाकलेल्या, फसविलेल्या स्त्रियांसाठी एक वेगळे घर रमाबाईंनी उघडले. त्याचे नाव कृपासदन. लंडनमध्ये विचारलेला प्रश्न केडगावात असा येऊन राहिला. आपल्या निजामी मुलखाशीही त्यांचा संबंध आला, तो गुलबर्ग्यात त्यांनी काढलेल्या ख्रिस्ती हायस्कुलामुळे. मनोरमाबाईंनी त्या शाळेचे काम पाहिले.

दुसरे उदाहरण आपल्या मंडळ्यांत कमी सांगितले जाते, म्हणून ते मुद्दाम सांगतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ च्या मे महिन्यात त्यांनी तिथे वाचलेला निबंध जातीच्या उत्पत्तीवर होता. तिथून लंडन, आणि १९१७ मध्ये परत. परदेशातील त्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पुसून गेली होती, असे त्यांनी लिहिले आहे. नोकरीसाठी बडोद्याच्या स्टेशनावर उतरताच ती जाणीव परत आली, कारण राहायचे कुठे, हा प्रश्न होता. एका पारशी धर्मशाळेत ते नाव लपवून राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले.

मग ते मित्रांकडे गेले. एक मित्र हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. ख्रिस्ती मित्राने सांगितले, की पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारावे लागेल. नंतर बाबासाहेबांना कळले, की ते कुटुंब मूळचे ब्राह्मण, आणि पत्नीचे सोवळे बाप्तिस्म्यानंतरही सुटलेले नव्हते. कोलंबियात शिकलेला हा माणूस त्या संध्याकाळी बागेत बसून राहिला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परत गेला. ही हकिकत ज्या आठवणींत आहे त्यांचे नाव ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. तो व्हिसा त्यांना स्वतःच्याच देशात हवा होता.

त्या ख्रिस्ती घराचे दार प्रत्येक पाळकाने वर्षातून एकदा तरी आपल्या मंडळीला दाखवावे, असे आम्हांला वाटते. पुढे त्या विद्यार्थ्याने काय केले ते सर्वांना ठाऊक आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. १९५० साली औरंगाबादेत, तेव्हाच्या हैदराबाद राज्यात, कॉलेज काढले, तेच मिलिंद महाविद्यालय. १९५३ मध्ये आमच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट देऊन गौरविले. विहीर आणि भांडे ही आपल्याकडे नुसती उपमा कधीच नव्हती.

आता आमच्याच भागातील एक लहान गोष्ट. एका मराठी ख्रिस्ती घरातील मुलगी इंग्लंडात दोन वर्षे शिकली. खर्च भागविण्यासाठी ती तिथे एका वृद्धाश्रमात काम करी: म्हाताऱ्यांना अंघोळ घालणे, कपडे बदलणे, घाण काढणे. घरी हे फोनवर सांगितले नव्हते, कारण आजीला वाईट वाटले असते. सुट्टीवर आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी जिना झाडायला येणाऱ्या बाई आल्या. त्यांच्यासाठी चहाचा एक स्टीलचा पेला खिडकीच्या कठड्यावर वेगळा ठेवलेला असे, जसा काचीगुड्यातील पुष्कळ घरांत असतो. मुलीने तो उचलून आत आणला, घासला आणि घरच्या पेल्यांत मिसळून टाकला. मग सर्वांचा चहा ओतला. आई म्हणाली, “अगं, आता तो कोणता ते ओळखू कसा येणार?” मुलगी म्हणाली, “म्हणूनच तर, आई.” आजी त्या दिवशी चहा प्यायली नाही. तिसऱ्या दिवशी प्यायली.

त्या मुलीने परदेशी जे विषय घेतले त्यांची नावे आम्हांला आठवत नाहीत. ती काय शिकून आली ते त्या जिन्यावर सर्वांना दिसले. एक मात्र खरे, की ती तिथून असे काही न शिकताही येऊ शकली असती. परदेशात आपली कितीतरी मुले आपल्याच बोलीच्या, आपल्याच जातीच्या घोळक्यात राहतात. वृद्धाश्रमातले काम हे फक्त भाड्याचे पैसे मिळविण्याचे साधन राहते. पाहण्यासारखे समोर असते, पण हे असे का, हे कोणी विचारत नाही. इकडून जाणाऱ्या मुलाला हा एक प्रश्न तरी बॅगेत घालून द्यावा. लोणच्याच्या बरणीपेक्षा त्याचे वजन कमी आहे.

सर्वच मुले परत येत नाहीत, येणारही नाहीत, आणि त्यासाठी त्यांना दोष देत बसण्यात अर्थ नाही. दानीएल परत आला नाही. तो बाबेलात म्हातारा झाला. पण सहाव्या अध्यायात त्याच्या माडीच्या खिडक्या यरुशलेमेकडे उघड्या होत्या, आणि तो दिवसातून तीनदा तिथे गुडघे टेकीत असे. दूर राहिलेल्या मुलांनी घरी पैसे पाठविले म्हणजे खिडकी उघडी राहिली, असे होत नाही. इकडच्या कष्टांची त्यांना खबर असावी लागते, आणि ती खबर त्यांना कोण देणार? आपण त्यांना भाच्याचे लग्न आणि फ्लॅटचे भाव एवढेच कळवतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. नाताळच्या सुट्टीत दर मंडळीत दोन-तीन मुले-मुली बाहेरून येतात. त्यांना उपासनेत उभे करून पाच मिनिटांची साक्ष घेतली जाते, तीत बर्फ आणि तिथल्या मोठ्या चर्चची इमारत येते, मग टाळ्या पडतात. तसे न करता त्यांना वरच्या वर्गाचा पूर्ण एक तास द्यावा. योहानाचा चौथा अध्याय आधी वाचावा. नंतर मुलांनी त्यांना विचारावे: तिथे झाडलोट कोण करते, त्यांना काय म्हणून हाक मारतात, म्हातारे कोणाजवळ राहतात, काळ्या माणसाला घर भाड्याने मिळते का, तुम्हांला मिळाले का, आणि तिथल्या कोणत्या गोष्टीचे कारण तुम्ही कोणाला विचारले? पाहुण्याला उत्तर देता आले नाही तरी चालेल. आमच्याकडे या वर्षी तिघे येणार आहेत, आणि २८ डिसेंबरचा रविवार त्यांच्यासाठी मोकळा ठेवला आहे.